हिरवळीवर चालू नये

आमच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत राहणाऱ्या गृहस्थांचं खरं नाव पोस्टमनलासुद्धा दारावरची पाटी वाचूनच कळतं. बाकी सगळ्यांचे ते शिट्टीकाका. बंदराजवळच्या मोठ्या बागेत त्यांनी उभा जन्म पहारेकरी म्हणून काढला. निवृत्त झाले तेव्हा गणवेश परत केला, टोपी परत केली, शिट्टी मात्र दिली नाही. "माझ्या दातांच्या मापाची झालीये, दुसऱ्याला कशी बसणार?" असं त्यांनी साहेबांना विचारलं म्हणे. साहेब हसले आणि शिट्टी काकांच्या गळ्यात राहिली. आजही जिन्यात मुलं धावली की वरून एक बारीकशी 'फुर्र' ऐकू येते.

ती बाग साधीसुधी नाही. बंदरात प्रवाशांचं मोठं जहाज लागलं की माणसं उतरतात ती सरळ बागेत. काचघरातली फुलं, तळ्यातली परातीएवढी पानं, ताडांची सरळसोट वाट, सगळ्यांचे फोटो काढतात आणि संध्याकाळच्या आत परत जहाजावर. शहराचं नाव विसरतील, पण बाग विसरणार नाहीत. आणि बागेच्या मधोमध ती हिरवळ. काकांचा जीव त्या हिरवळीत. 'हिरवळीवर चालू नये' या पाटीजवळ ते उभे राहायचे, आणि कुणाचं पाऊल गवताला लागायच्या आत शिट्टी वाजलेली असायची. एकदा एका मोठ्या पाहुण्यांना त्यांनी असंच थांबवलं होतं. पाहुण्यांच्या मागचा लवाजमा घाबरला, पण पाहुणे मुकाट मागे सरकले. ही हकिगत काका सांगत नसत. काकू सांगायच्या.

काकू म्हणजे काकांच्या अगदी उलट. गोलमटोल, बडबड्या, हसल्या की डोळे मिटायचे. बागेच्या मागच्या भिंतीला लागून नोकरांच्या खोल्या होत्या, तिथे त्यांचा संसार. लग्न होऊन थोडेच दिवस झाले असतील. काकू दुपारचा डबा घेऊन बागेत आल्या आणि जवळची वाट म्हणून सरळ हिरवळीवरून निघाल्या. काकांनी सगळ्या लोकांदेखत शिट्टी मारली.

"बायकोला बघून शीळ घालणारे नवरे ऐकले होते," काकू सांगायच्या, "पण शिट्टी मारून हाकललेली बायको मीच पहिली!"

त्यानंतर बरेच दिवस काकांना डबा मिळायचा, बोलणं मिळायचं नाही. पण काकूंना मनापासून हवं होतं ते तिथे बसायला. "एवढी मऊ गादी अंथरून ठेवायची आणि कुणाला टेकू द्यायचं नाही. ही बाग की नव्या सोफ्यावरची प्लॅस्टिकची खोळ?" म्हणायच्या. मग वकिली करायच्या. "पाटीवर चालू नये लिहिलंय. बसू नये कुठे लिहिलंय?"

"बसायला जायचं तर चालावं लागेल ना?" काका.

"म्हणून तर म्हणते, उचलून न्या."

काका एकदा त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत आणि म्हणत, "मी पहारेकरी आहे. क्रेन नाही."

हे संभाषण मी कितीदा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी दोघंही नव्याने हसायची. बसायचं मात्र राहून गेलं. काका निवृत्त झाले, बागेमागची खोली सुटली, आणि ते शहराच्या या दुसऱ्या टोकाला, आमच्या इमारतीत राहायला आले.

काकांनी बायकोचं नाव कधी घेतलं नाही. त्या पिढीचं ते वळणच होतं. ते 'ही' म्हणत. ही म्हणते भाजी कडू आहे. हिला विचारा. हिच्या नादी लागू नका. काकू बहिणीकडे परगावी जाऊन राहिल्या तरी काका मला जिन्यात सांगत, "ही परवा येईल." जणू दाराआडच उभ्या असाव्यात.

त्यांना एकच मुलगी. बागेतल्या झाडांवर चढउतार करत वाढलेली, म्हणून तिचं घरातलं नाव खारू. मी तेव्हा बागेजवळच्या शाळेत शिकवायची; दुसरीत ती माझ्या वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची आणि खिडकीबाहेर बघायची. तीच खारू मोठी होऊन प्रवाशांच्या जहाजावर नोकरीला लागली. प्रवाशांच्या खोल्या आवरायच्या, पलंगावरच्या चादरी ताणून बसवायच्या आणि रोज प्रत्येक पलंगावर टॉवेलचा एक प्राणी करून ठेवायचा. कधी हत्ती, कधी हंस, कधी माकड. तिने पाठवलेला हत्तीचा फोटो काकूंनी मजल्यावरच्या प्रत्येक दाराशी नेऊन दाखवला होता. "घरात हिने जन्मात स्वतःच्या पांघरुणाची घडी केली नाही. आता परक्यांसाठी हत्ती करतेय!" असं म्हणताना त्यांचा चेहरा अभिमानाने फुलून आला होता.

आणि मग काकू गेल्या. एका साध्या सकाळी, कसलीही पूर्वसूचना न देता. काका आंघोळ करून बाहेर आले तोवर सगळं संपलं होतं. आम्ही शेजारी होतो. खारू भर समुद्रात होती.

कुणीतरी म्हणालं, जहाजावर निरोप पाठवायला हवा. काका भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "नाही. पोरीला कळवायचं नाही."

"अहो, पण काका..."

"उतरणार कुठे ती? पाण्यात? आणि रडणार कुणाजवळ? तिथे तिला दिवसभर लोकांकडे बघून हसावं लागतं. करार पुरा होऊ दे. घरी येईल, तेव्हा जवळ बसवून सांगेन."

त्यांच्याशी वाद घालण्याचा तो दिवस नव्हता. नंतर घालू म्हटलं, तर तो दिवस आलाच नाही. नातेवाइकांनाही काकांनी निक्षून सांगितलं होतं. खारूचा फोन रविवारी यायचा. आमच्या दोन खोल्यांमध्ये भिंत एकच, तीही पातळ. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू यायचं.

"आई? अगं, ती झोपलीये. रात्री नीट झोप लागली नव्हती तिला."

"ती बाजारात गेलीये."

"तिचा घसा बसलाय. बोलवतच नाही. हो, काढा देतोय."

फोन ठेवला की काका बराच वेळ बाहेर येत नसत. मी चहा घेऊन जायची. एकदा ते म्हणाले, "बाई, आयुष्यभर लोकांना नियम शिकवले. खोटं बोलायला म्हातारपणी शिकतोय. जमत नाही हो." मी म्हटलं, "मग सांगून टाका." त्यांनी कपात बघत मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, कळलं नाही.

कदाचित हे असंच करार संपेपर्यंत चाललं असतं. पण कुठल्याशा बंदरात वादळ झालं, जहाजाची वाट बदलली आणि ते एक दिवसासाठी आमच्याच बंदरात लागणार असं ठरलं. खारूला काही तासांची मोकळीक मिळणार होती. घरी येऊन परत जायचं तर ते तास रस्त्यातच गेले असते. तेव्हा भेटायचं बागेत. बंदरापासून बाग पायी जाण्याइतकी जवळ.

त्या रात्री काका माझ्या दाराशी आले.

"बरं झालं घरी येत नाही ते," म्हणाले. "उंबऱ्यातूनच भिंतीवरचा फोटो दिसला असता." मग थोडं थांबून म्हणाले, "बाई, तुम्ही चला माझ्याबरोबर. सांगायचं झालं तर तुम्ही सांगा. तुम्ही तिला अक्षरं शिकवलीत. तुम्हाला शब्द सापडतील."

"सांगायचं झालं तर, म्हणजे? सांगायचं की नाही?"

"तेच तर कळत नाही. सांगितलं तर संध्याकाळी तिला एकटीला घेऊन ते जहाज जाईल. नाही सांगितलं, तर ती पुढे कधीतरी हसत हसत घरी येईल, बॅग खाली ठेवेल आणि आईला हाक मारेल." ते उंबऱ्यावरच बसले. "त्या हाकेचं काय करू, सांगा."

सकाळी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. शिट्टी शर्टाच्या आत लपवली. बसमध्ये ते सगळा वेळ पुटपुटत होते. कविता पाठ करायला दिलेल्या मुलासारखे. "ती येणार होती, पण गुडघे धरलेत. ती येणार होती, पण गुडघे..."

ताडांच्या वाटेवर, हिरवळीसमोरच्या बाकावर आम्ही बसलो. त्याच बाकावर रोज काकूंचा डबा उघडायचा. जहाजाची माणसं घोळक्याने येत होती. पुढे एकजण उंच काठीला रुमाल बांधून चालत होता आणि मागून बाकीची, वर्गाच्या सहलीसारखी. काका सवयीने प्रत्येकाच्या पायांकडे बघत होते.

खारू धावत आली. केस घट्ट बांधलेले, हात खरखरीत झालेले. बापाला तिने असं धरलं की काकांचा चष्माच वाकडा झाला.

"अगं, हाडं मोडतील माझी."

"मोडू देत. कुठे धावायला जायचंय तुम्हाला?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुम्ही वाळलात."

"आणि तू जाड झालीस," मी म्हटलं. झाली नव्हती. उलट गालफडं वर आली होती.

काकांनी पाठ केलेलं म्हणून टाकलं. "ती येणार होती गं, पण गुडघे धरलेत तिचे."

"हो," खारू म्हणाली. एवढंच. आणि पिशवी उघडली. बापाला गुडघ्यांना लावायचं मलम, लोकरीचे मोजे, दाढीचं सामान. मला एक शाईचं पेन. काका एकेक वस्तू हातात घेऊन कौतुक करत होते. मी पिशवीकडे बघत होते. दर वेळी घरी येताना ती आईसाठी काहीतरी आणायची. मऊ सपाता, केसांच्या पिना, काहीही. पिशवी रिकामी झाली. तिने ती चार पदरी घडी करून मांडीवर ठेवली.

मग बोलणं झालं, बोलणं कसलं, पाण्यावरचा फेसच तो. जहाजावर खायला काय मिळतं, झोप होते का, मजल्यावरच्या जिन्यातला दिवा लागला की नाही. काका मधूनच माझ्याकडे बघत. मी मान हलवी, तर ते घाईघाईने दुसराच विषय काढत. एका घोळक्यातल्या बाईंनी खारूला ओळखलं आणि लांबून हात हलवला. खारूचा चेहरा क्षणात उजळला, दात दिसले, मान किंचित कलली. बाई पुढे गेल्या आणि ते हसू दिवा मालवावा तसं गेलं. काकांनी ते पाहिलं. त्यांचा हात छातीवर, शर्टाच्या आत लपवलेल्या शिट्टीपाशी गेला.

बोलता बोलता खारूने बापाच्या खांद्यावरचा पंचा ओढून घेतला होता. हातांना सवय, ते आपोआप चालले होते. गुंडाळी, दुमड, पीळ. बघता बघता बाकावर सोंड वर केलेला हत्ती उभा राहिला. काका त्या हत्तीकडे बघत राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तिला फार आवडायचा."

आवडायचा. काका घाबरून माझ्याकडे वळले. आता मलाच सांगणं भाग होतं. मी खारूचा हात हातात घेतला. "खारू, हे बघ बाळा..."

"बाई, राहू द्या," ती हळूच म्हणाली. "मला माहीत आहे."

काका उभेच राहिले. "कुणी सांगितलं? मी सगळ्यांना बजावलं होतं. कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच."

"मी? अगं, मी तर दर रविवारी..."

"बाबा, तुम्ही आईला जन्मात कधी 'ती' म्हणालात?"

काकांना कळलं नाही. मला कळलं. चार हातांवर बसून मी दर रविवारी तेच ऐकत होते.

"ही झोपलीये. ही बाजारात गेलीये. हिचं डोकं उठलंय. आई मावशीकडे परगावी असली तरी तुमची 'ही'च. आणि मग एका रविवारी तुम्ही म्हणालात, ती झोपलीये." खारूचा आवाज अजून ताब्यात होता. "मला वाटलं, फोनवर नीट ऐकू आलं नसेल. पुढच्या रविवारी परत ती. त्याच्या पुढच्या रविवारीही ती. बाईंनीच फळ्यावर लिहून शिकवलं होतं ना, जवळची असेल तर ही. लांब गेली की ती."

"मी 'ही'च म्हणत होतो," काका म्हणाले. कुणी चोरीचा आळ घेतल्यासारखे. मग त्यांचे ओठ हलले. मनातल्या मनात ते आपलीच वाक्यं परत म्हणून बघत असावेत. ते हळूहळू बाकावर बसले.

"मग बोलली का नाहीस, पोरी?"

"चादरींच्या खोलीत जाऊन रडायची. तिथे आवाज बाहेर जात नाही. आणि तुम्हाला कसं बोलू? तुम्ही म्हणायचात, ती झोपलीये. तेवढं ऐकलं की माझी आई पुढच्या रविवारपर्यंत झोपलेली असायची." तिने नाक पुसलं. "बाबा, तिला त्रास झाला का?"

हे काकांनी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. मलाही नाही. ते हत्तीच्या सोंडेकडे बघत बोलू लागले. "मला म्हणाली, पाणी तापलंय, जा आता, निवेल. मी पेपर वाचत होतो. म्हटलं, जातो गं, कटकट करू नकोस. ते शेवटचं. मी कटकट म्हणालो. बाहेर आलो तर खुर्चीवर बसली होती, कंगवा हातात. अर्धे केस विंचरलेले. मी म्हटलं, आता का गप्प?" त्यांनी हत्तीची वाकलेली सोंड नीट केली. म्हणाले, "त्रास नाही झाला तिला." आणि मग मान हलवून, फळ्यावरचं चुकलेलं पुसावं तसं, "हिला."

खारूचा बांध तिथे फुटला. ती उठली, बूट काढले आणि सरळ हिरवळीवर गेली. मधोमध जाऊन बसली, गुडघ्यांत डोकं घालून, आणि रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी. तिथे चादरींची खोली नव्हती.

ताबडतोब शिट्टी वाजली. नवा पहारेकरी ताडाच्या आडून धावत आला. काका उभे राहिले. मला वाटलं, मुलीला उठवायला निघाले. त्यांनी चपला काढल्या, बाकाखाली जोडीने नीट लावल्या. पाटीपाशी पाऊल क्षणभर अडखळलं. आणि ते गवतावर चालत गेले, ज्याच्यावर त्यांनी उभ्या नोकरीत एकदाही पाय ठेवला नव्हता. मुलीशेजारी बसले. तळहात गवतावर टेकवून दाबून बघितलं.

"काका? तुम्ही?" पहारेकऱ्याने शिट्टी तोंडातून काढली. "अहो, तुम्हीच तर आम्हाला शिकवलंत. आपला असो की परका..."

"बरोबर आहे तुझं," काका म्हणाले. "तू वाजव. आम्ही उठू. पण जरा वेळ वाजवत राहा."

तो बिचारा शिट्टी हातात घेऊन तसाच उभा राहिला. तेवढ्यात काठीला रुमाल बांधलेला घोळका आला. दोन माणसं हिरवळीवर बसलेली पाहून त्यांना वाटलं, इथे बसायची परवानगी आहे. तिघं-चौघं कॅमेरे सावरत गवतात शिरले. काकांना ते बघवेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, एक हात मुलीच्या पाठीवर होता, आणि दुसऱ्या हाताने त्यांनी शर्टातली शिट्टी काढून बसल्या बसल्या अशी फुंकली की घोळका दचकून वाटेवर परतला.

खारूने डोकं वर काढलं. रडता रडता तिला हसू फुटलं. "बाबा, आई असती तर..."

"म्हणाली असती, स्वतः बसलात आणि मला आयुष्यभर उभं ठेवलंत." काकांनी शिट्टी खाली सोडली. "बसू द्यायला हवं होतं गं. काय झालं असतं? गवत काय, परत उभं राहतं."

ती दोघं बसून राहिली. पहारेकऱ्याने हळूच पाठ फिरवली आणि ताडाकडे बघत उभा राहिला.

जहाजावर वेळेआधी पोचावं लागतं. फाटकाशी खारूने तोंड धुतलं, केस परत घट्ट बांधले. "येते बाबा," म्हणाली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बंदराच्या रस्त्याला लागल्यावर समोरून जहाजाचेच काही प्रवासी आले. पाठमोरी होती तरी मला कळलं, तिची मान किंचित कलली होती.

बसमध्ये काकांनी पंच्याचा हत्ती मांडीवर धरला होता. पण रस्ता खड्ड्यांचा. घर येईपर्यंत त्याचा नुसता पंचा झाला होता.

पुढच्या रविवारी फोन वाजला. मी भिंतीपासून उठून दूर जाणार होते, पण पाय निघाला नाही. पलीकडून काय विचारलं गेलं, ते मला ऐकू येणं शक्य नव्हतं. काकांनी मात्र या वेळी कुणाला झोपवलं नाही की बाजारात पाठवलं नाही.

"एकटाच आहे गं," ते म्हणाले. "बोल."